गाडीचं दावं

"ओटीपी सांगा."

गाडीत माणूस बसला, दार लागलं, की आरशातून मागे बघत ती हे दोन शब्द म्हणायचीच. पुण्यात आठ वर्षं ॲपवर गाडी चालवली, त्यात लागलेली ही सवय. तिथे प्रवाशाने चार आकडे सांगितल्याशिवाय फेरी सुरू होत नाही, हे ठीक. पण अधूनमधून कळसला, तिच्या गावी, यायची तेव्हाही गाडीत सरपंच बसले तरी ओटीपी, शेजारीण दळण घेऊन बसली तरी ओटीपी. एकदा आजारी शेळी जनावरांच्या दवाखान्यात न्यायला मागच्या सीटवर घातली, तर तिच्याकडे बघूनही हिने ओटीपी मागितला, असं तिचा नवरा सांगतो. नवरा खोटं बोलणाऱ्यातला नाही. तो मुळात बोलणाऱ्यातलाच नाही.

लोक हसायचे आणि काहीतरी ठोकून द्यायचे. कोणी लग्नाचं साल सांगायचं, कोणी मोबाइलचे शेवटचे चार आकडे. तिची आई, जिला सगळं गाव अम्मा म्हणतं, ती मात्र अजिबात हसायची नाही. शाळेत हजेरी द्यावी तशी सरळ बसून सांगायची, "एक दोन तीन चार."

"बराबर हाय," लेक म्हणायची. "आता बेल्ट लावा, मग बोलू."

मी मात्र तिला कधीच ओटीपी सांगितला नाही. तीस वर्षं मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. शिट्टी मारली की गाडी हलायची आणि शिट्टी मारली की थांबायची. त्या माणसाने कोणाला आकडे सांगून गाडी हलवून घ्यायची, हे मला पटण्यासारखं नव्हतं. मी म्हणायचो, "माझ्याकडं ओटीपी-बिटीपी न्हाय. चल."

"मग राइड सुरू न्हाय व्हायची, आबा."

"नको होऊ दे. मी हितंच बसतो."

पाचेक मिनिटं आम्ही दोघं बसून राहायचो. मग ती कपाळाला हात लावून गाडी सुरू करायची. फेरी संपली की दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, "किती तारे?" मी म्हणायचो, "तीन. सुधारणेला वाव हाय." तीन तारे म्हटलं की तिचं नाक लाल व्हायचं. आता तुम्हीच सांगा, असं नाक बघायला मिळत असताना कोण पाच तारे देईल?

आमची पहिली भेट भांडणातली. तेव्हा मी नोकरीत होतो. इंदापूरच्या बसस्थानकात थेट फलाटासमोर एक पांढरी गाडी ऐटीत येऊन उभी राहिली. मागे बारामतीची बस हॉर्न देतेय, प्रवासी ओरडताहेत. मी शिट्टी फुंकत धावलो. काच खाली आली. आत चाळिशीची बाई होती. डोक्यावरून ओढणी, नाकात चमकी, समोर स्टँडला लावलेला मोबाइल.

"सर, ड्रॉप आहे. दोनच मिनिटं, प्लीज," ती अगदी गोड पुणेरी आवाजात म्हणाली.

"हा बसचा फलाट आहे. दोन मिनिटांत माझ्या चार गाड्या अडतात."

तिने मान बाहेर काढून मागे बघितलं आणि तिचं पुणं एका क्षणात गळून पडलं. "अवो, पलीकडनं ही एवढी जागा हाय! तुमी शिट्टी कमी वाजवा आन् बस काढा की!"

जागा खरंच होती. बस आरामात निघाली. ते मला मुळीच आवडलं नव्हतं, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतोय. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. ही बाई शांत असली की पुण्याची असते, आणि तापली किंवा खूश झाली की कळसची.

निवृत्त झाल्यावर आम्ही पाच-सहा रिकामटेकड्यांनी इंदापुरात एक मंडळ काढलं. रीतसर नोंदणी केली, देणगीतून एक जुनी जीप घेतली. काम एकच. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत आणि ज्यांना डायलिसिससाठी बारामतीला जावं लागतं, त्यांना गावागावांतून न्यायचं आणि परत घरी सोडायचं. हा उपचार असा आहे की एक वारी चुकली तरी अंगावर सूज येते, दम लागतो. दुपारची बस चुकली म्हणून संध्याकाळच्या बसने जाऊ, असं त्यात नसतं. तात्या नावाचे आमचे ड्रायव्हर जीप चालवायचे आणि मी जुन्या खोडीप्रमाणे वेळापत्रक लावायचो.

सोमवार-गुरुवारच्या फेरीत तिघं जण होते. त्यातल्या शेवटच्या अम्मा, कळसहून बसणाऱ्या.

लेक तेव्हा पुण्यात होती. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी माझा फोन वाजला की मी घड्याळ न बघता वेळ सांगू शकायचो.

"आबा, अम्माचा पिकअप झाला?"

"झाला."

"ईटीए काय?"

"ते काय असतं?"

"किती वाजता पोचनार, ते."

"पोचल्यावर सांगतो."

मागे पुण्याच्या रस्त्यांचा गोंगाट ऐकू यायचा. कधी कोणी प्रवासी तिला "मॅडम, लेफ्ट घ्या" म्हणत असायचा. ती त्याला शुद्ध मराठीत "हो सर" म्हणून पुन्हा मला विचारायची, "तिनं स्वेटर घातलाय का?" मी सांगायचो, घातलाय. खरं तर मी बघितलेलं नसायचं. मग मी तात्यांना फोन करून विचारायचो आणि तेव्हा कुठे मला बरं वाटायचं.

एका सोमवारी फोन आला नाही. त्याऐवजी ती स्वतःच आली. बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर मी बसलो होतो. पांढरी गाडी समोर उभी राहिली. या वेळी तिने ती रीतसर कडेला लावली होती.

"आबा, सोडलं पुणं!" तिचे डोळे लुकलुकत होते. "लोणी देवकरला कंपनीत लागले. कामाला येणाऱ्या बायांची बस चालवायची. बस, आबा! बत्तीस शिटांची!"

"तुला बस येती व्हय?"

"त्यासाठीच आले न्हवं तुमच्याकडं!"

हेवी लायसन्स तिने काढलं होतं, पण बस मागे घेताना तिचा जीव घाबरा व्हायचा. पुढचे पंधरा दिवस मी सकाळी एका मोकळ्या मैदानात उभा राहून शिट्टी फुंकली. ओळखीच्या एकाची जुनी शाळेची बस मागून आणली होती. एक लांब शिट्टी, ये. दोन छोट्या, थांब. पहिल्या दिवशी तिने पाण्याच्या टाकीचा नळ उडवला. दहाव्या दिवशी ती दोन बसच्या मधल्या जागेत अशी बस घालत होती, की मी हाताखालून काढलेल्या भल्याभल्या ड्रायव्हरांना लाज वाटावी. मी तिला तीन तारे दिले. तिने बसच्या खिडकीतून मला पाणी मारलं.

ह्याच दिवसांत आमची जीप गेली. गेली म्हणजे आरटीओत पासिंगला उभी केली आणि तिथल्या साहेबांनी खालून वाकून बघून फक्त मान हलवली. चेसीच गंजली होती. तात्या तिच्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. महिनाभर आम्ही कोणाकोणाच्या हातापाया पडून गाड्या मागितल्या. एका गुरुवारी गाडी मिळालीच नाही, ती नेमकी आपली गाडी घेऊन पुण्याला राहिलेलं सामान आणायला गेली होती, आणि अम्मांसह तिघांचा उपचार एक दिवस पुढे गेला. शुक्रवारी अम्मांचे पाय चप्पलेत मावत नव्हते.

त्या शनिवारी मंडळाची बैठक होती. दार ढकलून ती आत आली, टेबलावर गाडीची किल्ली ठेवली आणि म्हणाली, "माझी गाडी घ्या. मंडळाला दिली."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. मी विचारलं, "किती पळालीय?"

"चार लाख अकरा हजार."

मला आता माझ्या बोलण्याची लाज वाटते, पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटलं, "चार लाख! अगं, आजारी माणसं न्यायचीत. वाटेत बंद पडली तर कोण जबाबदार? कुणालाही नको झालेली वस्तू देणगी म्हणून आमच्या गळ्यात?"

ती रागावेल असं वाटलं होतं. पण ती आधी खुर्ची ओढून बसली. "बाजारात कुणी घेईना, खरं हाय. एकानं तर भंगाराचा भाव सांगितला. म्हनून देत न्हाय मी, आबा." ती थांबली. "आठ वर्सं मी पुन्यात दुसऱ्याच्या आया दवाखान्यात सोडल्या. दारापातूर. हात धरून. माझी आई तुमी न्हेली, तुमच्या जीपमधनं. मी गाडी असून न्हेली न्हाय. आता बस मिळाली, मला ही लागत न्हाय. ह्या गाडीनं ह्ये काम करावं, एवढंच."

मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला त्या नजरेतच कळलं की आता काही खैर नाही.

"आन् आबा, तुमच्या लाल गाड्या किती पळत हुत्या वो?"

मंडळात हशा पिकला. कारण सगळ्यांना माहीत होतं, मी घसा फोडून सांगितलेलं होतं, की आमच्या एकेका बसने ह्याच्या दुप्पट अंतर तोडलं आणि तरी ती वेळेवर सुटायची. मी घसा खाकरला. म्हटलं, "ठीक हाय. कागद करू. पण ताब्यात घेताना तपासणी मी करणार. एक स्क्रू कमी निघाला तरी घेणार न्हाय."

"दोन वेळा तपासा!" ती उठलीसुद्धा.

कागदांना काही आठवडे गेले. परमिट जमा झालं, टॅक्सीची पिवळी पाटी उतरली, खासगी गाडीची पांढरी चढली, गाडी मंडळाच्या नावावर झाली. पांढऱ्या पाटीचा फोटो तिने मला अकरा वेळा पाठवला, वेगवेगळ्या बाजूंनी. तिच्या नवऱ्याने, ज्याला कळसमध्ये मास्तर म्हणतात आणि जो खरं तर टेलर आहे, सीटना नवी कव्हरं शिवली. आकाशी रंगाची, कडेला पांढरी पायपिंग. पहिली फेरी सोमवारी ठरली आणि रविवारी सकाळी मी आणि तात्या तपासणीला कळसला पोचलो.

तुम्ही कधी मुलगी बघायला गेला असाल, तर त्या घरावरची कळा तुम्हाला सांगायला नको. अंगण झाडलेलं, आम्हाला पाट मांडलेले, चहा तयार. गाडी मधोमध उभी आणि इतकी धुतलेली की तिच्यात माझी टोपी दिसत होती. अम्मांनी पुढच्या चाकांवर तांब्याभर पाणी घातलं. मास्तर दाराआड. आणि ती, हातात फडकं घेऊन, उगाच पुसलेल्या जागा पुन्हा पुसत होती.

मी बाह्या सरसावल्या. इंजिन, ऑइल, बॅटरी, दिवे, वायपर, ब्रेक, स्टेपनी, जॅक. एकेका गोष्टीला ती शेजारून "हाय का न्हाय?" म्हणायची. डिकीत प्रथमोपचाराची पेटी होती, छत्री होती, उलटी होणाऱ्यांसाठी पिशव्या होत्या. मी मनातून खूश झालो होतो, पण चेहरा तपासणीचा ठेवला. शेवटी मागचं दार उघडून सीटवर बसलो. सवयीने डावीकडच्या खांबाकडे हात नेला, पट्टा ओढायला.

हाताला काही लागलंच नाही. खांबावरच्या फटीत पट्ट्याचं बोटभर तुकतुकीत टोक दिसत होतं. बाकी पट्टा नाहीसा.

"हितला बेल्ट कुठं गेला?"

ती वाकून आत बघायला लागली. "परवाच्याला तर हुता!" तिने सीटखाली हात घातला, कव्हर उचललं, डिकीत बघितलं. तिचा चेहरा उतरत चालला. मग तिला काहीतरी सुचलं आणि ती सावकाश घराच्या दाराकडे वळली. "मास्तर?"

मास्तरांनी अम्मांकडे बघितलं. अम्मा निर्धास्त होत्या. "दावं काढून ठिवलंय," त्या म्हणाल्या.

"कसलं दावं?"

"गाडीचं. म्हस दिली तरी दावं देत न्हाईत. दावं गेलं का घरची बरकत जाती. तुझ्या बापानं दोन म्हशी इकल्या, दावी अजून गोठ्यात हायती. मीच म्हनलं जावयाला, गाडीचं दावं काढून ठिवा."

तर झालं होतं असं. शनिवारी सासूबाईंनी हुकूम सोडला. जावई आज्ञाधारक. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, दाव्यासारखं काय आहे ते शोधलं, आणि गाडीत माणसाला बांधून ठेवणारी एकच वस्तू त्याला सापडली. कापड बेतायच्या कात्रीने त्याने ती सफाईदार कापली. मग तो आत गेला आणि ते दावं घेऊन आला. चार हात लांब करडा पट्टा, त्यात बकलात अडकवायची चकचकीत लोखंडी जीभ. दोन्ही कापल्या टोकांना त्याने दुमड घालून मशीनवर शिलाईसुद्धा मारली होती, धागे सुटू नयेत म्हणून.

मी हसलो. तात्या हसले. मला वाटलं तीही हसेल. पण तिचे डोळे भरून आले होते.

"जाऊ द्या की," तात्या म्हणाले. "मागं कोण लावतंय बेल्ट? उद्याची फेरी तर होऊ द्या."

आणि खरं सांगतो, माझंही मन तेच म्हणत होतं. उद्या तीन माणसं वाट बघणार, दुसरी गाडी नाही. एका पट्ट्यापायी काय अडवायचं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "न्हाय. बेल्ट न्हाय तर गाडी न्हाय. आबा, नापास करा."

"अगं..."

"आठ वर्सं मी एकाबी पॅसेंजरला बेल्टाबगर बसवलं न्हाय. आन् हितं कोन बसनार हाय? माझी आई. नापास करा म्हनते न्हवं."

मास्तर पहिल्यांदा बोलले. "मी शिवून देऊ का? डबल शिलाई मारतो. नायलॉनचा दोरा हाय."

"मास्तर," मी म्हटलं, "शिवलेला पट्टा न्हाय चालत. धक्का बसला की उसवंल."

ते मान खाली घालून उभे राहिले. अम्मांना आता काहीतरी चुकल्याचं कळलं होतं. त्यांनी तो पट्टा छातीशी धरला आणि विचारलं, "मग माझी गाडी जात न्हाय व्हय उद्या?" त्या "माझी" म्हणाल्या. मला वाईट वाटलं.

पण तिने ओढणीने डोळे पुसले, मोबाइल काढला आणि तिच्या आवाजात तेच मैदानातलं, दोन बसमधली जागा दिसल्यावरचं, वारं शिरलं. बारामतीत एक गॅरेजवाला होता, पुण्याला जाता-येता ती त्याच्याकडे गाडी दाखवायची. फोन लागला. रविवार, दुकानं बंद, असा पट्टा मागवायलाच दोन दिवस लागणार, असं तो सांगत होता. ती ऐकत नव्हती. शेवटी ती म्हणाली, "आमी येतोय. तुमी फक्त शटर उघडा." आणि मला म्हणाली, "बसा, आबा!"

मी पुढे बसलो. मी पट्टा लावला. ती किल्ली फिरवणार, तेवढ्यात थबकली आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या धांदलीतही.

"ओटीपी?"

"आत्ता? ह्या वक्ताला?"

"सवय हो, आबा!" म्हणून ती हसली आणि गाडी सुटली.

कळस ते बारामती हा रस्ता मी हजारदा बसच्या खिडकीतून पाहिलाय. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला इतका आवडला. उसाच्या ट्रॅक्टरला तिने शांतपणे जागा दिली, वळणावर अंगाला हेलकावासुद्धा बसला नाही, प्रत्येक गतिरोधक तिला दुरूनच ठाऊक. मी गुपचूप इंजिनाचा आवाज ऐकत होतो. तीस वर्षं ऐकलेला माणूस आहे मी, बस फलाटाला लागायच्या आधी तिचं दुखणं सांगायचो. हिचं काही दुखत नव्हतं. चार लाख अकरा हजार किलोमीटर आणि काही म्हणजे काही दुखत नव्हतं! मला एकदम इतका आनंद झाला की मी विनाकारण डॅशबोर्डवर थाप मारली.

"काय झालं?"

"काय न्हाय. रस्त्याकडं बघ."

गॅरेजवाल्याने शटर उघडलं होतं. त्याने खांबातली मोडतोड बघितली, मास्तरांची करामत ऐकली आणि पोट धरून हसला. मग डोकं खाजवत उभा राहिला. त्याच्या दारात त्याची स्वतःची गाडी उभी होती, ह्याच बनावटीची, वर्षभरापूर्वी घेतलेली. तिच्याकडे त्याने बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि पाना उचलला.

"ताई, माज्या गाडीचा काढतो. माझा मंगळवारी मागवीन. मागं आमच्यात कोन बसतंय, पोरं तर मामाच्या गावाला गेलीत."

"पोरं येस्तोवर बसवून घ्या हां," ती लगेच म्हणाली. "मी फोन करीन. इचारीन."

पाऊण तासात पट्टा बसला. तिने तो वीस वेळा ओढून बघितला, झटका देऊन अडकतोय का ते बघितलं, मग मला मागे बसवून बघितलं. परतताना तिला बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. सोमवारपासून तिची पहिली शिफ्ट, पहाटेच निघायचं, बत्तीस बायका, त्यातल्या दोघी लोणी देवकरच्या कंपनीत नव्याच लागलेल्या, त्यांना तीच थांबा दाखवणार. मी ऐकत होतो. अंगणात गाडी शिरली तेव्हा अम्मा पायरीवरून उठल्या.

मी खाली उतरलो, टोपी नीट केली आणि नोकरीतल्यासारखं मोठ्याने जाहीर केलं, "गाडी पास!"

मास्तरांनी टाळी वाजवली. एकच, पण वाजवली.

"किती तारे?" तिने विचारलं.

"चार."

"एक कुठं कापला?"

"मास्तरांनी कापला."

ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. जाताना मी गोठ्यात डोकावलो. खुंटीवर म्हशींची दोन जुनी दावी टांगलेली होती, काळी पडलेली. त्यांच्या शेजारी करडा पट्टा, दुमडलेल्या टोकांचा. दारातल्या उन्हात त्याची लोखंडी जीभ चमकत होती. अंगणात तिने गाडीवरून एकदा हात फिरवला, छतापासून डिकीपर्यंत. मग मोबाइलचा स्टँड काढून पिशवीत घातला, किल्ली तात्यांच्या हातावर ठेवली आणि वळून घरात गेली. तिला रडताना बघायचा मला कंटाळा आहे, म्हणून मी तिच्या मागे गेलो नाही.

सोमवारी पहिल्या फेरीला मी मुद्दाम बरोबर गेलो. मागे दोघं आधीच बसले होते, डावीकडची जागा अम्मांची. कळसला पोचलो तेव्हा ती केव्हाच तिच्या बसवर गेली होती. मास्तरांनी अम्मांना हात धरून आणलं. त्या बसल्या, दार लागलं, नवा पट्टा त्यांनी स्वतः ओढून लावला. स्वेटर घातलेला होता. मी या वेळी बघितलं.

तात्यांनी गाडी सुरू केली.

"थांब," अम्मा म्हणाल्या.

तात्या थांबले. "काय राहिलं का, अम्मा?"

हात मांडीवर ठेवून, सरळ बसून, अम्मा समोरच्या आरशात बघत होत्या. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. डॅशबोर्डवर, जिथे मोबाइलचा स्टँड असायचा, तिथे एक गोल, स्वच्छ डाग राहिला होता. मला कळलं. नोकरीची तीस वर्षं आणि नंतरची काही, असले आकडे मागायला-सांगायला माझी जीभ वळली नव्हती. मी मागे वळलो.

"अम्मा, ओटीपी सांगा."

"एक दोन तीन चार," अम्मा म्हणाल्या.

"बराबर हाय," मी म्हटलं, आणि तात्यांनी गाडी बारामतीच्या रस्त्याला घातली.